दीडपट कोंबडा

सोमवार, ३

सकाळच्या गाडीने आले. एक पेटी, दोन वह्या, कंपासपेटी. धाकट्या भावाला रुग्णालयातून घरी आणून आज आठ दिवस झाले. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. समजतं सगळं, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "रडायला काय झालं? मी काही निकाल घेऊन आलेले नाही." तो अर्ध्या तोंडाने हसला. म्हणजे डॉक्टर बरोबर आहेत.

खाली त्याची कार्यशाळा. रंगीत काचा कापून, शिशाच्या पट्ट्यांत बसवून तो खिडक्या करतो. हातातलं काम नव्या वाचनालयाचं. जिन्यावरच्या पूर्वेकडच्या खिडकीत एक लाल कोंबडा. उद्घाटन अठ्ठावीस तारखेला, खिडकी सव्वीसपर्यंत बसली पाहिजे. नाही बसली तर तिथे साधी काच लागेल.

कोंबड्यासाठी लाल काच एकच आहे. त्याच्या गुरूंनी स्वतः फुंकून केलेली. गुरू गेले, भट्टी विझली, तसा लाल रंग आता कोणी करत नाही. बावीस वर्षं धाकट्याने ती शीट गोधडीत गुंडाळून ठेवली, तिच्या लायकीचं काम येईपर्यंत. आता काम आलं आणि हात गेला. काच एकदाच कापता येते. चुकली तर दुसरी नाही.

भावजय म्हणाली, "तुम्ही आलात, आता सुटेल." मी म्हटलं, "सुटत काही नसतं. सोडवावं लागतं."

आल्या आल्या टेबल साफ केलं. भयंकर पसारा. मोठ्या टेबलावर चित्राचा कागद आणि त्यातून आरपार एक खिळा ठोकलेला, त्याला हातभर दोरा बांधलेला. खिळा पक्कडीने उपटला.

"वन्सं, तो खिळा..."

"हो ना, कागदाला केवढं भोक पडलंय बघ. चिकटपट्टी आहे का घरात?"

तिने चिकटपट्टी आणून दिली.

मंगळवार, ४

वाचनालयाचे चिटणीस येऊन गेले. गोल, घामट, पण माणूस सरळ. आधी धाकट्याची चौकशी, मग कामाचं. रस्त्यावरून कोंबडा दिसत नाही म्हणे. बाकी खिडकी आहे तशी, कोंबडा तेवढा दीडपट हवा.

"आयत्या वेळी?" मी विचारलं.

"नाही हो बाई. त्यांना झटका आला त्याच्या आधी दोन दिवस मी फोनवर बोललो होतो. 'बघतो' म्हणाले."

धाकट्याचं 'बघतो' मी लहानपणापासून ओळखते. 'बघतो' म्हणजे विसरला.

चिटणीस म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते खरं. पण झाकण्यासाठी तरी आधी ते दिसायला हवं की नाही?" स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. मी शब्द दिला. दीडपट म्हणजे दीडपट. यात कलेचा प्रश्न नाही, गुणाकाराचा आहे, आणि तीस वर्षं कॉलेजात मी दुसरं काही केलेलं नाही.

गुरुवार, ६

दोन दिवस मापं घेतली. चित्राचा कागद बरोबर शीटएवढा आहे, असं भावजय म्हणते, साठ सेंटिमीटर रुंद, अठ्ठेचाळीस उंच. त्यावर कोंबडा मूळ आकारात, अकरा तुकड्यांत. कागदावर मी सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या. आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात. मग आकृतीचे चौसष्ट बिंदू निवडले आणि प्रत्येकाचा पत्ता लिहिला: डावीकडून किती, खालून किती.

बिंदू १, डोळा: (२०, २८)
बिंदू २, चोचीचं टोक: (८, २६)
बिंदू ३, तुऱ्याचं टोक: (१९, ४०)
बिंदू ४, शेपटीचं टोक: (४६, ३४)

असे चौसष्ट. प्रत्येकाच्या दोन्ही आकड्यांना दीडने गुणायचं, नव्या कागदावर मांडायचं, जोडायचं. झाला कोंबडा दीडपट.

कागदावर पेन्सिलीच्या फालतू रेघा फार होत्या. डोळ्यापासून निघून सात रेघा चारी दिशांना गेलेल्या. एक चोचीवरून, एक तुऱ्यावरून, एक शेपटीकडे, आणि आकृतीबाहेर प्रत्येकीवर एक आडवी खूण. त्या गर्दीत त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं, 'इथून'. काय इथून? कर्ता नाही, क्रियापद नाही. सगळं खोडून कागद स्वच्छ केला.

भावजय चहा घेऊन आली. कागदाकडे बघतच राहिली. "खोडलंत?"

"गोंधळ होता नुसता."

"बरं," म्हणाली. ही बाई 'बरं' फार म्हणते.

त्या अक्षरावरून जुनं आठवलं. तो चौदाचा, मी वीसची. रोज संध्याकाळी त्याला गणित शिकवायचे. पट्टीने मारलंही आहे, नाकारत नाही. नापास झाला तो झालाच. कॉलेज अर्ध्यावर सोडून काचेच्या भट्टीवर गेला त्या दिवशी दारात उभं राहून मला म्हणाला, "ताई, तू शून्य नेहमी तुझ्या पायाशी मांडतेस. मग आम्ही सगळे लांबच दिसणार." चार वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. मोठ्या बहिणीशी बोलायची ही रीत नव्हे. आणि शून्य कुठेतरी मांडावंच लागतं.

शुक्रवार, ७

बसत नाही.

चौसष्टच्या चौसष्ट बिंदू दोनदा गुणले. चोच (१२, ३९), तुरा (२८.५, ६०), शेपटी (६९, ५१). शीट साठ रुंद, तर शेपटी नऊ सेंटिमीटर बाहेर. शीट अठ्ठेचाळीस उंच, तर तुरा बारा सेंटिमीटर हवेत. कोंबडा मोठा झाला आणि उडून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला. खाली डावीकडे काच मोकळी पडली आहे, वर पक्षी बाहेर लोंबतो आहे.

गुणाकारात चूक नाही. तिसऱ्यांदा तपासला.

चिटणिसांना शब्द दिला आहे. एकोणीस दिवस उरले. भूक नाही, तरी जेवले. उपाशी माणसाची बेरीज चुकते.

सोमवार, १०

आज प्रत्यक्ष शीट उघडली. इतके दिवस कागदावरच काम चाललं होतं. भावजयीने गोधडीची गाठ सोडली आणि आम्ही दोघींनी शीट खिडकीपाशी उभी धरली. भिंत लाल झाली, भावजयीचे हात लाल झाले. मी सहसा असल्या गोष्टी लिहीत नाही, पण रंग खरोखर तसा आहे.

मात्र काच निर्दोष नाही. एके ठिकाणी रुपयाएवढा जाड भोवरा आहे. फुंकताना नळी तिथून तोडली म्हणे. भोवऱ्याभोवती गोल गोल रेघा, पाण्यात खडा टाकल्यासारख्या, पार कडेपर्यंत पसरलेल्या. माप घेतलं. डावीकडून वीस, खालून अठ्ठावीस. एवढ्या किमती काचेत असा दोष. कापताना टाळला पाहिजे.

"हे तो भोवरा टाळणार नाहीत बहुतेक," भावजय हळूच म्हणाली. 'हे' म्हणजे धाकटा.

"दोष तो दोष. त्यात प्रेम आणू नये."

"बरं."

मंगळवार, ११

उपाय सापडला! पण क्रमाने लिहिते.

मोठा कोंबडा सत्तावन्न रुंद, पंचेचाळीस उंच. शीट त्याहून थोडीशी मोठी आहे. म्हणजे मावायला हवा, फक्त जागा चुकली आहे. म्हणून अख्खी आकृती सरकवली, डावीकडे दहा, खाली चौदा. मावली! डावीकडे दोन सेंटिमीटर उरले, उजवीकडे एक, खाली एक, वर दोन. पाचर मारल्यासारखी बसली. क्षणभर बरं वाटलं. मग कागद काचेवर ठेवून पाहिला, तर भोवरा नेमका डोळ्यावर. जवळपास नव्हे, नेमका. याला म्हणतात नशीब. एवढ्या मोठ्या पक्ष्यात दोष यावा तर थेट तोंडावर.

जेवून पुन्हा बसले. कागद अर्धा वळसा फिरवला, म्हणजे डोकं खाली, पाय वर. कापायला काय, तुकडे सुटे झाले की सरळ करून बसवायचे. गणिताच्या भाषेत गुणक उणे दीड झाला. आता भोवरा मान आणि शेपटीच्या मधल्या खोलगटात पडतो, म्हणजे टाकाऊ भागात. दोष बाहेर, कोंबडा आत. स्वतःवर खूश व्हायची मला सवय नाही, पण आज झाले.

वर जाऊन धाकट्याला कागद दाखवला, समजावून सांगितलं. त्याने डाव्या हाताने गादीवर थापा मारल्या. मग बोट वर करून हवेत गोल गोल फिरवलं. पुन्हा पुन्हा. मग ते बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं.

"चष्मा हवाय का रे?"

चष्मा दिला. त्याने तो फेकला. झटक्यानंतर माणूस चिडचिडा होतो, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

गुरुवार, १३

आज कापायला सुरुवात करायची ठरलं होतं. भावजय म्हणाली, काच कापायची हिरकणी बोथट झालीय, नवी मागवावी लागेल. मागव म्हटलं.

धाकटा सकाळपासून जेवला नाही. घास भरवायला गेलं की तोंड भिंतीकडे.

शुक्रवार, १४

नवी हिरकणी आली. आता भावजय म्हणते, काच गोधडीतून काढल्यावर दोन दिवस मोकळ्या हवेत राहू द्यावी, मग कापावी.

"सोमवारी तूच काढलीस ना? सोमवार ते शुक्रवार किती झाले?"

"चार."

"मग?"

"बरं," म्हणाली, आणि शिशाच्या पट्ट्या पुसत बसली. त्या कालच पुसल्या होत्या.

दुपारी चिटणिसांचा फोन. गवंडी विचारतोय, साध्या काचेचं माप घेऊन ठेवू का. मी म्हटलं, "त्याला सांगा, ओळंबा सांभाळ. काचेचं मी बघते." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मीही 'बघते'च म्हणाले.

उद्या कापायचं. आता सबब नाही.

एक कबूल करते. मनात भीती आहे. आकडे बरोबर आहेत, मांडणी बरोबर आहे, आणि तरीही भीती आहे. असं गणितात होत नाही.

शनिवार, १५

आजच लिहायला हवं.

नऊ वाजता शीट टेबलावर आडवी ठेवली. वर माझी आकृती काळ्या खडूने उतरवलेली, डोकं खाली, पाय वर. धाकट्याला त्याच्या चाकांच्या खुर्चीत खाली आणून दाराशी बसवलं. त्याचं काम आहे, त्याने बघावं, म्हणून मीच सांगितलं होतं.

भावजयीने हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली. हात काचेवर नेला. तसाच ठेवला. मग हिरकणी खाली ठेवली.

"माझ्याच्याने नाही होणार, वन्सं."

"का?"

"ते सांगता येत नाही. हात चालत नाहीये."

"अठरा वर्षं तो कापत होता तेव्हा शेजारी बसून बघत होतीस ना? तसंच करायचं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच विचारलंय. "ते कुठे कापत होते? ते चित्र काढायचे. कापायची मी."

हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत माहीत नव्हतं. पण घड्याळात सव्वानऊ झाले होते, हातात अकरा दिवस होते. "ठीक आहे. मग मी कापते."

"वन्सं, नको."

मी हिरकणी उचलली. खडूच्या रेघेवर, जिथे रेघ सरळ होती तिथे टेकवली आणि दाबून ओढली. काच कर्र वाजली. एवढ्या आवाजाने घर दणाणल्यासारखं वाटलं. पांढरा बारीक चरा उमटला, बोटभर, मग त्याहून थोडा जास्त.

मागे खुर्ची आपटली. धाकटा. एका हाताने, एका पायाने रेटत टेबलापर्यंत आला होता. डावा हात वर घेतला आणि थेट काचेवर ठेवला. पंजा भोवऱ्यावर, मधलं बोट बरोबर त्याच्या मधोमध. मी म्हटलं, "अरे, हात काढ, कापेल." काढला नाही. "हात काढ म्हणते ना!" कपाळाची शीर टरारली होती. घशातून आवाज येत होता, शब्द नव्हता. माझी हिरकणी त्याच्या हातापासून दोन इंचांवर होती. पट्टी हातात घेऊन मी त्याच्या पुढे उभी राहायचे तेव्हा हाच हात तो मागे घ्यायचा. आज घेत नव्हता.

मी हिरकणी ठेवली.

भावजय त्याला वर घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "कडेपासून सुरू करायचं असतं, वन्सं. मधूनच चरा ओढला की काच तिच्या मर्जीने तडकते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुमच्या गणितात माझं काय काम, म्हटलं."

शीट अजून अख्खी आहे. चरा तिच्यावर आहे.

रविवार, १६

दुपारी, व्हरांड्यात.

कालपासून डोळ्यांसमोर ते बोट आहे. भोवऱ्यावर ठेवलेलं. शेवटी वही काढली आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं.

कोपऱ्यापासून दीडपट, मग दहा डावीकडे, चौदा खाली. या दोन्हींत मिळून न हलणारा बिंदू कोणता? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हा प्रश्न घालायचे. क्षचे दीडपट उणे दहा बरोबर क्ष. क्ष वीस. यचे दीडपट उणे चौदा बरोबर य. य अठ्ठावीस.

वीस, अठ्ठावीस.

वहीची पानं मागे उलटली. सहा तारखेला माझ्याच अक्षरात, बिंदू १, डोळा: (२०, २८). दहा तारखेला माझ्याच अक्षरात, भोवरा: डावीकडून वीस, खालून अठ्ठावीस. चार दिवसांच्या अंतराने एकच आकडा दोनदा लिहिला आणि मला दिसला नाही. तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा मी त्याला नशीब म्हटलं.

तो खिळा. भोक कुठे होतं? मी चिकटपट्टी लावली तिथे. डोळ्यावर. दोरा खिळ्याला बांधून चोचीपर्यंत ताणायचा, तेवढ्याचा निम्मा आणखी पुढे न्यायचा, खूण करायची. मग तुरा. मग शेपटी. सात रेघा झाल्या होत्या तेव्हा त्याला झटका आला. 'इथून' याचा कर्ता मी शोधत होते. त्याने कोंबडा या काचेकडे बघूनच काढला होता. भोवरा डोळा, आणि त्याच्याभोवतीच्या गोल रेघा म्हणजे मानेची पिसं, पाठीची पिसं, एकामागे एक, शेपटीपर्यंत. त्यांना जागचं हलू न देता पक्षी मोठा करायचा तर मोजायचं एकाच ठिकाणाहून.

आकृती दीडपट करताना एकच बिंदू जागेवर राहतो, जिथून आपण मोजतो तो. मी कोपऱ्यातून मोजलं, म्हणून कोपरा जागेवर राहिला. कोपऱ्यात काय होतं? काहीच नव्हतं.

चौसष्ट बिंदू, एकशे अठ्ठावीस गुणाकार. त्याला पुरला एक खिळा आणि हातभर दोरा. आणि मी त्याला नापास ठरवलं होतं.

सोमवार, १७

सकाळी वर गेले. त्याच्या पलंगासमोर उभी राहिले, मग खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "माझी चूक झाली. भोवरा डोळाच आहे. मी अर्धा वळसा फिरवून तो कचऱ्यात टाकणार होते."

त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि बोटाने ताटलीकडे खूण केली. भावजयीने भरवलं. चार दिवसांनी पोटभर जेवला.

मग मी भावजयीला विचारलं, "आता त्या चऱ्याचं काय करायचं?"

हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला, एवढंच नाही. तिचं मत विचारणारा कुठलाही प्रश्न पहिल्यांदाच विचारला.

ती म्हणाली, "बघू या."

मंगळवार, १८

वाईट बातमी. खिळा पुन्हा ठोकला, डोळ्यातच. दोरा भावजयीने धरला, खुणा मी केल्या. माझ्या चौसष्ट बिंदूंशी ताडून पाहिल्या, दहा आणि चौदा सरकवून सगळे जुळतात, केसाचाही फरक नाही. पण मोठी आकृती काचेवर योग्य जागी ठेवली, तर माझा चरा शेपटीच्या मधोमध येतो. (४४, ३०) पासून (५१, ३६). शेपटीचा सगळ्यांत मोठा तुकडा आणि त्याच्या पोटात माझी रेघ.

तो तुकडा दुसरीकडून घ्यायला काच उरत नाही. कडेला एक-दोन सेंटिमीटर शिल्लक आहे फक्त.

भावजयीने चऱ्यावरून नख फिरवलं. "खोल आहे. दोन्ही टोकांना कुठे पळेल सांगता येत नाही. भोवऱ्याकडेही पळू शकतो. आज गरम दिवा जवळ आणू नका. दार आपटू नका."

दिवसभर आम्ही घरात चोरासारख्या वावरलो. वरच्या मजल्यावर धाकट्याने खोकलं तरी दोघी दचकायचो.

गुरुवार, २०

भावजयीने ठरवलं. चरा वाचवायचा नाही, वापरायचा. शेपटीचा मोठा तुकडा एक न ठेवता दोन करायचे, बरोबर माझ्या रेघेवर, आणि मधून शिशाची पट्टी घालायची. पण रेघ सरळ आहे, पिसं वळलेली. टोकं कशी वळवायची? कागद धाकट्यासमोर धरला. त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली. दोन वेळा पडली. तिसऱ्यांदा चऱ्याच्या वरच्या टोकापासून एक वाकडी रेघ काढली, कडेपर्यंत. मग खालच्या टोकापासून एक. वाकडीच, पण ती बरोबर काचेतल्या गोल रेघांसोबत जात होती.

"हं," भावजय म्हणाली. आज 'बरं' नाही म्हणाली.

मग ती कापायला बसली. मी आणि खुर्चीतला तो, दोघंही शेजारी. कडेपासून सुरुवात. हिरकणी एका दमात, न थांबता माझ्या चऱ्याला जाऊन मिळाली आणि पुढे निघून गेली. मग तिने शीट टेबलाच्या कडेवर घेतली, दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना ठेवले.

"वन्सं, मागे व्हा."

"मी इथेच उभी राहते."

"मागे व्हा म्हणते ना!"

मी मागे झाले. टक्. एवढाच आवाज. काच रेघेवर मोडली, रेघेवरच. भोवऱ्याला काही झालं नाही. भावजयीच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ती धाकट्याकडे वळून म्हणाली, "काय? तोंड मिटा आता, माशी जाईल." तो हसला, आवाज निघाला हसण्याचा. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

संध्याकाळपर्यंत बाराही तुकडे सुटे झाले. अकराचे बारा.

बुधवार, २६

खिडकी बसली. पाच दिवस शिशाच्या पट्ट्या आणि त्यांच्या सांध्यांना डाख. माझं काम पट्ट्या धरणं आणि सांगितलं तेवढंच करणं. माझं बोट दोनदा भाजलं. भावजय म्हणाली, "आता झालात कारागीर." गवंड्याने साधी काच कापून ठेवलीच होती, ती घेऊन गेला.

शुक्रवार, २८

उद्घाटन सकाळी आठला. ऊन जिन्यावर आलं तेव्हा पायऱ्यांवर लाल कोंबडा पसरला. पिसांची एकेक कमान मोजता येत होती. भोवऱ्यातून गोळा झालेला प्रकाश सहाव्या पायरीवर एका ठिपक्यात पडला होता. लोक तो ठिपका ओलांडून वर जात होते, कोणी सांगितलं नसताना.

चिटणीस घाम पुसत आले. "रस्त्यापलीकडून दिसतो बाई! पानवाला विचारत होता, अंडी कधी देणार." मग मान वर करून म्हणाले, "शेपटीतली ती एक रेघ मात्र बाकीच्यांपेक्षा वेगळी जाते. मुद्दाम का?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे.

"हो," भावजय म्हणाली. "ती वन्संची."

रविवार, ३०

पेटी भरली. सकाळची गाडी आहे. निघण्याआधी वही पुरी केली. चौसष्ट बिंदूंखाली दोन नवे लिहिले.

बिंदू ६५: (४४, ३०)
बिंदू ६६: (५१, ३६)

मूळ चित्रात हे नाहीत, त्यामुळे त्यांची दीडपट कशाची लिहायची? तो रकाना मोकळा सोडला.

धाकट्याला वही दाखवली. त्याने दोन्ही नव्या बिंदूंवरून बोट फिरवलं. मग डावा हात पुढे केला, पेन्सिल मागितली. मला वाटलं आकडा तपासतोय. त्या मोकळ्या रकान्यात त्याने एक शब्द लिहिला. चार मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं.

'इथून'.

अक्षर पूर्वीपेक्षाही वाईट. खोडलं नाही.